बंद कंटेनरमध्ये उभी राहून

चंदीगडला समुद्र नाही. तरी इथं बंदर आहे, हे गावाकडच्या माझ्या जावेला अजून पटत नाही. समुद्राकडून कंटेनर आगगाडीनं येतात, शहराबाहेरच्या एका मोठ्या यार्डात एकावर एक रचून ठेवतात. ट्रेलरवाले ते कारखान्यांत नेतात, माल भरला की परत यार्डात आणून सोडतात, आणि आगगाडी ते कंटेनर पुन्हा समुद्राकडे घेऊन जाते. यार्डाला सगळे ड्राय पोर्ट म्हणतात आणि कंटेनरला नुसतं डबा. माझे यजमान हे डबे ओढायचं काम करतात.

आधी ते लांबच्या लाइनवर होते. मुंबईचं बंदर ते लुधियाना. आम्ही सांगलीजवळच्या गावात, ते रस्त्यावर. दोन महिन्यांनी दोन दिवस घरी यायचे. यायचे तेव्हा आमची मुलगी माझ्या पदराआड लपायची, आणि ती त्यांच्या मांडीवर बसायला लागेपर्यंत त्यांची निघायची वेळ झालेली असायची. एकदा जाताना तिनं त्यांना विचारलं, "तुमचं घर कुठं आहे?" ते हसले. पण दाराबाहेर गेल्यावर बराच वेळ चपला घालत उभे राहिले.

त्याच वर्षी त्यांच्या मालकानं चंदीगडला लोकल गाडी देऊ केली. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. यांनी मला विचारलंसुद्धा नाही, फोनवर सांगितलं, "सामान बांध." शहराच्या कडेला, हल्लोमाजऱ्याला एक खोली घेतली. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी दारात त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी घाबरून उठायची. रोज येणारा नवरा मला माहीतच नव्हता.

मी बोलायला फार भिते. चौथीपर्यंत शाळा शिकले, पण वर्गातही मी कधी हात वर केला नाही. इथं तर हिंदी धड येत नव्हती. दुकानात बोटानं दाखवून सामान घ्यायची. दुकानदारीण विचारायची, "गूँगी है क्या बेचारी?" आणि मुलगी रागानं सांगायची, "मम्मी बोलती है! घर पे बहुत बोलती है!" ती शाळेत जायला लागली आणि मराठी समजूनही उत्तर हिंदीतच द्यायला लागली. मला मात्र सगळं चाललं असतं. संध्याकाळी तिघांची ताटं वाढायची, एवढंच मला पाहिजे होतं.

ते सुख हातून जाणार असं पहिल्या हिवाळ्यातच दिसायला लागलं.

रिकामा डबा घेताना त्याला भोक नाही ना, हे बघावं लागतं. डबे जुने, गंजलेले असतात. वरून टाचणीएवढं भोक असलं तरी समुद्रावर पाणी आत जातं आणि माल खराब होतो. इंडस्ट्रियल एरियात आमची गाडी जास्त करून नट-बोल्टच्या कारखान्यांत जायची. लोखंडाला पाणी लागलं की संपलं. भोक बघायची रीत एकच: माणसानं आत उभं राहायचं, बाहेरून दारं पूर्ण बंद करायची, आणि काळोखात कुठून उजेड येतो का ते बघायचं. कारखान्यातला माणूसही माल भरण्याआधी तसंच बघतो. त्याला उजेड दिसला की डबा परत, खेप फुकट.

यांचे डबे परत यायला लागले. मुनशी, म्हणजे मालकाच्या वतीनं गाड्या सोडणारा माणूस, आधी चेष्टा करायचा. "मराठे, डब्बा देखके लाता है या सूँघके?" मग चेष्टा थांबली. त्यानं सरळ सांगितलं, असंच चाललं तर लोकल गाडी दुसऱ्याला, आणि तू परत मुंबई लाइनवर.

घरी हे एवढंच म्हणाले, "बघू." मुलगी त्यांच्या पाठीवर चढून बसली होती. मी कणीक मळत होते, ती मळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडलं आणि मी म्हटलं, "मी येते गाडीवर." असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. त्यांना इतकं नवल वाटलं की ते नाही म्हणायचं विसरले.

यार्डात रिकामा डबा ट्रेलरवर ठेवला. हे मागं गेले, दार उघडून आत चढले, दार अर्धं उघडंच ठेवून इकडं-तिकडं बघितलं आणि झटकन खाली उतरले. कपाळावर घाम. थंडी अशी होती की माझे दात वाजत होते.

मी विचारलं, "अहो, दार बंद कुठं केलं?"

"कोण बंद करणार? मी आत असल्यावर?"

"शेजारच्या गाडीवाल्याला सांगायचं की."

केबिनमध्ये बसल्यावर, गाडी चालू करण्याआधी, समोरच्या काचेकडं बघत त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांना हळदीच्या पेवात उतरवलं होतं. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं कोठार, आमच्या भागात हळद त्यातच साठवायचे. पेव उघडलं की हवा खेळू द्यायची असते, मगच माणूस उतरवायचा. त्या दिवशी घाई झाली. खाली यांना श्वास लागेना, हे ओरडत होते, आणि वरच्यांना वाटत होतं की पोरगं चेष्टा करतंय. ओढून काढलं, जगले. पण तेव्हापासून दार बंद झालं की छाती आवळते. न्हाणीघराला आतून कडी का लावत नाहीत, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. मला वाटायचं, विसरतात.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "ड्रायव्हर लोक हसून मारतील."

मी म्हटलं, "मी उभी राहते आत."

"येडी का काय?"

"मला काय भ्या नाही अंधाराचं. माणसांचंच आहे."

साडी नेसून ट्रेलरवर चढता येईना. त्यांनी गुडघा पुढं केला, मी त्यावर पाय ठेवला आणि कशीबशी आत गेले. दारं बंद झाली. लोखंडी दांडा बसल्याचा आवाज अख्ख्या डब्यात घुमला, आणि मग काहीच नाही. स्वतःचा हातसुद्धा दिसेना. आणि मला इतकं बरं वाटलं! जगातलं कुणी मला बघत नव्हतं.

"आहेस ना?" बाहेरून आवाज आला.

"आहे."

माझा तो एवढासा शब्द केवढा मोठा होऊन परत आला. मी दचकले, मग हसले. उजेड बघायला डोळ्यांना काळोखाची सवय व्हावी लागते, म्हणून मी शाळेतला बाराचा पाढा म्हणायला लागले, मोठ्यानं, वर्गात कधी म्हटला नव्हता तसा. पाढा संपत आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला. आधी वाटलं भास आहे. मग त्याच्यापासून उजेडाची एक बारीक काडी खाली उतरलेली दिसली, त्यात धूळ तरंगत होती. मी दारावर थापा मारल्या.

तो डबा आम्ही तिथंच बदलून घेतला. त्यानंतर त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकही डबा परत आला नाही.

ते दिवस आठवले की आजही मला केबिनचा वास येतो. डिझेल, उदबत्ती, आणि भाकरीबरोबरच्या लसणीच्या चटणीचा. मी बाजारातून दोन पंजाबी ड्रेस घेतले, आयुष्यातले पहिले. घातले तेव्हा आरशात बघायचीसुद्धा लाज वाटली. हे म्हणाले, "बरी दिसतीस. पंजाबीण वाटतीस." मुलीला शाळेत सोडायचं आणि उंच केबिनमध्ये चढून बसायचं. तिथून सगळं शहर खाली दिसायचं. गोल चौकातली फुलं, सायकलवरून फॅक्टरीत निघालेली माणसं, रस्त्याच्या कडेचे अमलतास. त्याला आपल्याकडं बहावा म्हणतात, हे यांनी सांगितलं. गावात असताना बहाव्याकडं मान वर करून बघायला फुरसत कुठं होती?

दुपारी शाळा सुटली की मुलगी शेजारणीकडं जेवायची आणि आम्ही येईपर्यंत तिथंच खेळायची. माल भरेपर्यंत आम्ही कारखान्याच्या भिंतीला टेकून सावलीत बसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण यांना काय आवडतं, काय नाही, हे मला त्या भिंतीपाशी कळलं. त्यांना वांगं आवडत नव्हतं. मी वर्षानुवर्षं, ते घरी येणार म्हणून, भरलं वांगं करून ठेवत होते.

"मग बोलला का नाही?"

"दोन दिवसांसाठी यायचं, आणि त्यात भाजीला नावं ठेवायची?"

प्रत्येक डब्याचा वास निराळा. एकात कॉफी, एकात नवं रबर, एकात मासळीचा असा वास की मी नाक धरूनच पाढा म्हटला. आतल्या भिंतींवर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी खडूनं काहीबाही लिहिलेलं असायचं. मला कुठलीच अक्षरं वाचता यायची नाहीत, पण कुणीतरी इथं माझ्यासारखंच उभं राहिलं होतं एवढं कळायचं. धुक्याच्या दिवशी भोक सापडायला वेळ लागायचा, कारण बाहेरच उजेड कमी. अशा दिवशी हे बाहेरून सारखे बोलत राहायचे. "अगं, आता एक लाल डबा आला. आता चहावाला चाललाय. आहेस ना?" आत मी मजेत असायची, आणि बाहेर त्यांचाच जीव वर-खाली व्हायचा. दार उघडलं की त्यांचा तळहात दाराला टेकलेलाच असायचा.

पुढच्या थंडीत यार्डाचा नियम बदलला. आत मोठमोठी यंत्रं डबे उचलतात, कुणाला तरी लागलं होतं म्हणे. आता फाटकातून फक्त ड्रायव्हर जाणार, तोही डोक्यावर टोपी आणि अंगात नारिंगी जाकीट घालून. मी बाहेर, चहाच्या टपरीजवळच्या बाकावर.

मग आम्ही असं करायला लागलो: हे डबा तसाच घेऊन बाहेर यायचे, रस्त्याच्या कडेला गाडी लावायचे, आणि मी आत उभी राहायची. ठीक असला तर बरंच. भोक निघालं तर पुन्हा फाटकात, पुन्हा रांगेच्या शेवटी. एक दिवस तसंच झालं. कारखान्यात पोहोचलो तेव्हा माल भरणारे हमाल घरी गेले होते. मुनशीनं फोनवर आरडाओरडा केला, तो मला शेजारी बसून ऐकू येत होता. "डब्बा अंदर ही चेक कर, जैसे सब करते हैं! कल फिर बाहर रोका, तो चाबी मेज़ पे रख देना."

त्या संध्याकाळी यांनी मुलीचा अभ्यास घेतला. कधी घेत नव्हते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्हाला गावी पोचवतो. मी लाइन धरतो. त्यात तरी डबा भरलेलाच असतोय, आत जायला नको."

माझ्या मनात गावच्या घराचं दार आलं आणि दाराबाहेर चपला घालत उभा राहिलेला माणूस.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. ते रांगेत गाडी लावून कागद घ्यायला खिडकीपाशी गेले. टपरीवर एक वयस्कर सरदारजी चहा पीत होते. तेही डबेच ओढायचे, यांची गाडी दिसली की हॉर्न देऊन जायचे. सगळे त्यांना पाजी म्हणायचे, म्हणजे पंजाबीत थोरला भाऊ. मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"पाजी," मी म्हटलं, आणि पुढची हिंदी आठवेना.

"बोल पुत्तर."

"ये... ये बंद डब्बे में नहीं जा सकते. साँस रुकती है. छोटे थे तब से. हम दोनों अंदर जाएँगे, आप दरवाजा बंद करो. एक बार. नहीं तो गाड़ी जाएगी."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता हसणार आणि सगळ्यांना ओरडून सांगणार.

"बस? इतनी सी बात? मैं तो समझा, मुनशी का सर फोड़ आया है." मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "मैं लिफ्ट में नहीं चढ़ता. बेटे का फ्लैट मोहाली में है, इतनी ऊपर. सीढ़ी से जाता हूँ. बहू को बोलता हूँ, डॉक्टर ने कहा है."

तेवढ्यात हे आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाजींकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. चेहरा असा उतरला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

पाजींनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "ओए मराठे, मुँह मत बना. मेरा खाली डब्बा खड़ा है बाहर, चल, चढ़."

पाजींच्या डब्यात मी आधी चढले. मग हात खाली दिला. यांनी तो लगेच धरला नाही. मी तसाच ठेवला. शेवटी ते वर आले, आणि पाजी दारं लावायला लागले तेव्हा यांनी माझं मनगट असं धरलं की एक बांगडी पिचली.

दांडा बसला. काळोख झाला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

"मला बाहेर जायचंय," ते म्हणाले.

"जाऊ. एकदा वर बघा."

"काय दिसत नाही."

"लगेच नाही दिसत. थांबा जरा."

"हवा नाही गं."

"आहे. मी बोलतीय ना? हवेशिवाय कशी बोलीन?"

बाहेरून पाजी ओरडले, "ओए मराठे! अंदर हनीमून चल रहा है क्या? बोलता रह, नहीं तो खोल दूँगा!"

हे हसले. रडल्यासारखं हसले, पण हसले, आणि ते हसू डब्यात घुमून परत आलं. त्यांची पकड थोडी सैल झाली. मी त्यांचा चेहरा हातानं डाव्या कोपऱ्याकडं वळवला, कारण तिथला उजेडाचा ठिपका मला कधीच दिसला होता. ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, तो... तांदळाच्या कणीएवढा?"

"तोच."

"एवढाच असतोय?"

"एवढाच असतो."

आम्ही खाली उतरलो तेव्हा त्यांचा शर्ट ओला झाला होता. पाजींनी पाण्याची बाटली दिली आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला, "मेरे ही डब्बे में छेद निकाला! अब मैं लाइन में लगूँ?"

त्या दिवशी फाटकाच्या आत पाजींची गाडी यांच्या मागंच होती. यांच्या डब्याचं दार पाजींनीच लावलं. आत काय झालं ते मी बाहेरच्या बाकावर बसून नुसतं मनात बघत होते. किती वेळ लागला कोण जाणे, मला तर चहासुद्धा गेला नाही. मग ट्रेलर फाटकातून बाहेर आला आणि यांनी काचेतून हसत अंगठा वर केला. डबा कारखान्यात गेला आणि तिथंच भरला.

पुढं काही दिवस पाजी दार लावायचे. मग ते जरा आजारी पडले आणि यार्डातला कुणीही लावायला लागला. एका सोमवारी मुलीला ताप होता म्हणून मी घरीच थांबले. संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसून हसायलाच लागले.

"काय झालं?"

"आज आत उभा होतो. डोळ्यांना सवय होईपर्यंत काय करायचं म्हणून आपलं बोलत होतो. 'अगं, तो कोपरा बघितलास का? तिकडं काय नाही. दाराच्या वर बघ.' असं मोठ्यानं. दार उघडलं तर ते लावणारा पोरगा आत डोकावतोय. म्हणतोय, अंदर कौन है भाई?"

"मग?"

"म्हटलं, कोई नहीं."

मुलगी अंथरुणातून म्हणाली, "पापा, झूठ क्यों बोला? बोलना था, मेरी वाइफ़ है."

आम्ही तिघंही हसलो. मी भाकरी थापत होते, माझं पीठ तव्यावर सांडलं.

मग मी गाडीवर जायचं हळूहळू बंदच झालं. कुणी ठरवलं नाही. आधी मुलीचा ताप, मग तिची परीक्षा. नंतर एका सकाळी हे चहा पिताना म्हणाले, "आज एवढी थंडी आहे, बाहेरच्या बाकावर कशाला बसतीस कुडकुडत?" मायेनंच म्हणाले. खरंही होतं, फाटकाबाहेर मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बरं म्हटलं. ते गेल्यावर मी दोघांसाठी केलेल्या भाकऱ्यांपैकी दोन झाकून ठेवल्या, आणि दुपारी एकटीनं खाल्ल्या.

आता मुलगी कॉलेजात जाते. मी दुकानात बोलते, थोडंफार. हे अजून लोकललाच आहेत. रोज संध्याकाळी येतात, आणि त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मी आता दचकत नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी कधी दुपारी घर रिकामं असलं की मी खिडक्या लावते, पडदा ओढते आणि खोलीच्या मध्ये उभी राहते. पण घरात तेवढा काळोख होत नाही. दाराखालून, छताच्या पत्र्यातून, कुठून कुठून उजेड येतच राहतो, आणि शेजारणीची मुलं दार वाजवून विचारतात, "आंटी, सो रही हो क्या?"